संगणक गप्प असताना काहीही ठरवू नका: दृष्टिहीनांनी स्वतः ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याबद्दल

प्रश्न परळच्या एका संगणक वर्गातून आला आहे. वर्गात बारा जुने डेस्कटॉप आणि तीन लॅपटॉप आहेत, सगळ्यांवर विंडोज १०. शिकणारे बहुतेक पूर्ण दृष्टिहीन, चौघे-पाच जण अल्पदृष्टी. मशीन बिघडलं की फॉरमॅट मारायला बाहेरचा माणूस बोलवावा लागतो. तो गेल्यावर कळतं, की स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलाच नाही, कीबोर्डची भाषा बदललेली आहे आणि कुणाचा तरी डेटा पुसला गेलाय. विचारणं असं: हे काम विद्यार्थ्यांना डोळस मदतीशिवाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करता येईल का? आणि सूचना मराठीत मिळतील का?

करता येईल. फक्त एक तुकडा असा आहे, की तिथे संगणक बोलत नाही. तो तुकडा किती लहान ठेवता येतो यावर सगळं अवलंबून आहे.

सुरुवातीपासून पाहिलं तर चार टप्पे पडतात. पहिला फर्मवेअरचा, म्हणजे आपण ज्याला बायोस म्हणतो तो. इथे स्क्रीन रीडर नाहीच, कारण ऑपरेटिंग सिस्टिम अजून सुरूच झालेली नसते. दुसरा बूट लोडरचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. इथे फार तर बीप मिळते. तिसरा इंस्टॉलरचा, ध्वनीचा ड्रायव्हर लागला तर तो बोलतो. चौथा पहिल्या लॉगिनचा. इथे सगळं बोलायला हवं, पण ते आधी सांगून ठेवावं लागतं. नियम एकच: पहिल्या दोन टप्प्यांसाठी एकही निर्णय शिल्लक ठेवायचा नाही. कुठल्या पेनड्राइव्हवरून बूट व्हायचं, कुठली डिस्क पुसायची, कुठली आवृत्ती टाकायची, हे सगळं बोलणाऱ्या संगणकावर आधी ठरवून घ्यायचं किंवा बोलणाऱ्या इंस्टॉलरमध्ये ठरवायचं.

आधी आवाजाचं बघू, कारण ‘इंस्टॉलर बोलत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा स्क्रीन रीडरचा दोष नसतो. ब्लूटूथ हेडफोन इंस्टॉलरमध्ये चालेल असं धरूच नका. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर आवाज त्या वायरने मॉनिटरकडे जातो आणि मॉनिटरला स्पीकर नसतो. मशीन बोलत असतं, ऐकू कुणालाच येत नाही. नव्या इंटेल लॅपटॉपांत ध्वनीसाठी वेगळा प्रोसेसर असतो, त्याला स्वतःचं फर्मवेअर मिळेपर्यंत स्पीकर गप्पच. म्हणून वर्गात दोन गोष्टी हाताशी ठेवा: साधा ३.५ मिलिमीटर पिनचा वायरवाला हेडफोन आणि एक यूएसबी हेडसेट. लॅमिंग्टन रोडला यूएसबी हेडसेट घेताना दुकानदाराला एकच विचारायचं, ‘सीडी किंवा ड्रायव्हर टाकावा लागतो का?’ लागत असेल तर तो नको. लावल्याबरोबर चालणारा हेडसेट लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या इंस्टॉलरमध्येही जवळपास नक्की चालतो. शिवाय एका खोलीत पाच मशीन एकदम बोलू लागली आणि वर पंखा घरघरत असला, तर स्पीकरवर काहीच कळत नाही. हेडसेट असलेला बरा.

आता त्या गप्प तुकड्याबद्दल. डेलला एफ १२, एचपीला एफ ९, लेनोव्होला एफ १२ अशा बूट मेनूच्या की पाठ करून खाली-खाली-एंटर करण्याची पद्धत सर्रास शिकवली जाते. ती वापरू नका. मेनूतला क्रम त्या दिवशी काय काय जोडलंय त्यावर बदलतो, एसरच्या अनेक लॅपटॉपांवर एफ १२ मुळात बंदच ठेवलेली असते, आणि लॅपटॉपवर एफ १२ साठी आधी एफएन धरावी लागते की नाही हेही कळत नाही. त्यापेक्षा चालू असलेल्या विंडोजमधूनच पेनड्राइव्हवर जा. स्टार्ट मेनूतल्या ‘रीस्टार्ट’वर शिफ्ट धरून एंटर दाबला की निळा पडदा येतो. तिथे विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबल्यावर नॅरेटर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, सुरू होतो. ‘यूज अ डिव्हाइस’ निवडायचं, पेनड्राइव्हचं नाव ऐकायचं, एंटर. या पद्धतीत बायोसला हात लागत नाही आणि बूटचा क्रम कायमचा बदलत नाही. दुसरा मार्ग बीसीडीएडिट या कमांडचा: ती फर्मवेअरमधल्या बूटच्या नोंदी अक्षरांत देते, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर त्या वाचून दाखवतो आणि पुढच्या एकाच बूटसाठी हवी ती नोंद ठरवता येते. लिनक्सवर हेच काम ईएफआयबूटएमजीआर करतो.

विंडोज सुरूच होत नसेल किंवा बायोसमध्ये काही बदलणं भागच असेल, तर एचडीएमआय कॅप्चर कार्ड वापरा. बिघडलेल्या मशीनची एचडीएमआय वायर कार्डात, कार्ड यूएसबीने दुसऱ्या बोलणाऱ्या लॅपटॉपमध्ये. तो लॅपटॉप कार्डाला वेबकॅम समजतो. कॅमेरा ॲप पूर्ण पडद्यावर उघडा आणि एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) बरोबर आर दाबा, की पडद्यावरची अक्षरं वाचली जातात. तुमच्या जुन्या डेस्कटॉपांना फक्त व्हीजीए असेल तर मध्ये व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल, नुसती वायर चालणार नाही.

इथे एक खाच आहे. अक्षर ओळखणारं सॉफ्टवेअर सगळ्या ओळी वाचतं, पण उजळलेली ओळ कुठली ते सांगत नाही. तुम्ही ‘सिक्युअर बूट’वर आहात की त्याच्या खालच्या ओळीवर, हे कळायला मार्ग नसतो. पण बहुतेक बायोसमध्ये उजव्या बाजूला किंवा तळाशी एक मदतीचा रकाना असतो आणि त्यातला मजकूर निवडलेल्या ओळीप्रमाणे बदलतो. प्रत्येक बाणानंतर पुन्हा वाचून घ्या आणि फक्त तो बदललेला मजकूर ऐका. आपण कुठे आहोत हे त्यावरून पक्कं कळतं. फोनवरची सीइंग एआय किंवा बी माय आइज ही समोरचं वर्णन करून सांगणारी ॲप इथे कामाला येतात, मात्र ‘कुठली ओळ निळी आहे’ या प्रश्नाला एआयने दिलेलं उत्तर ठामपणे चुकीचं असू शकतं. दिशा शोधायला ते वापरा. पुसण्याच्या प्रश्नाला त्याच्या भरवशावर ‘हो’ म्हणू नका.

बायोसमध्ये शिरलातच तर स्टोरेजच्या सेटिंगला हात लावू नका. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर व्हीएमडी नावाची सोय चालू असते. ती चालू असताना विंडोजच्या इंस्टॉलरला डिस्क दिसतच नाही आणि यादी रिकामी वाचली जाते. ती बंद केली की डिस्क दिसते, पण आधीचं विंडोज मात्र सुरू होत नाही. इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ने देणं हा बरा उपाय.

आणि कशालाही हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, बघा. लॅपटॉपवर तो अनेकदा मालकाला न सांगताच चालू असतो. फर्मवेअरमध्ये बदल झाला की तो ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो, तीही संगणक गप्प असतानाच. की आधी फोनमध्ये उतरवून घ्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. शक्य असेल तर बिटलॉकर तेवढ्यापुरता स्थगित करा.

तयारीतल्या दोन लहान गोष्टी. डाउनलोड केलेल्या फाइलचा शा-२५६ ताळा (फाइल बिनचूक उतरली का ते तपासण्याची खूण) कानाने जुळवू नका. ६४ अक्षरं ऐकून जुळवणं म्हणजे चुकीला आमंत्रण. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅशचं उत्तर आणि संकेतस्थळावरून कॉपी केलेला ताळा यांची बरोबरी करायला सांगा. ‘ट्रू’ ऐकू आलं की झालं. दुसरं, एका पेनड्राइव्हवर एकच सिस्टिम. व्हेंटॉयसारख्या साधनाने दहा सिस्टिम एका पेनड्राइव्हवर बसतात खऱ्या, पण त्याचा निवडीचा मेनू बोलत नाही आणि सिक्युअर बूट चालू असेल तर वर आणखी एक गप्प पडदा येतो. डेबियन हा लिनक्सचा एक मोफत प्रकार. हाताला ओळख पटावी म्हणून त्याच्या पेनड्राइव्हला एक रबर, विंडोजच्या पेनड्राइव्हला दोन रबर. विंडोजला किमान ८ जीबीची लागते, डेबियनची नेटवरून उतरवणारी प्रत १ जीबीपेक्षा लहान असते.

आता कुठल्या मशीनवर काय. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. तुमचे जुने डेस्कटॉप बहुधा त्यात बसणार नाहीत. त्यांच्यावर डेबियन टाका. लॅपटॉप बसत असतील तर त्यांच्यावर विंडोज ११.

विंडोज जर नीट चालू असेल आणि फक्त आवृत्ती वाढवायची असेल, तर पेनड्राइव्हच नको. आयएसओ फाइलवर (नव्या विंडोजची डाउनलोड केलेली प्रत) एंटर दाबून ती उघडा, आतला सेटअप चालवा. डिस्क निवडण्याचा प्रश्नच येत नाही आणि रीस्टार्ट होईपर्यंत एनव्हीडीए सोबत असतो.

कोरं विंडोज टाकायचं असेल तर पेनड्राइव्हवरून बूट झाल्यावर मिनिट-दीड मिनिट थांबा आणि तेच विंडोज, कंट्रोल, एंटर दाबा. नॅरेटर बोलला तर पुढचं सरळ आहे: टॅब, बाण, एंटर. नाही बोलला तर एकदा यूएसबी हेडसेट लावून पुन्हा बूट करा. तरीही गप्प असेल तर आंधळेपणाने पुढे जाऊ नका, खाली सांगितलेल्या डिस्क काढण्याच्या पद्धतीकडे वळा. कारण असं, की इंस्टॉलर ज्या छोट्या विंडोजमध्ये चालतो त्यात ड्रायव्हर मोजकेच असतात. नव्या लॅपटॉपचा स्पीकर त्यात नसणं अगदी नेहमीचं आहे. दोन ठिकाणी विद्यार्थी हमखास घाबरतात. मधल्या रीस्टार्टनंतर नॅरेटर आपोआप परत येत नाही, त्या तीन की पुन्हा दाबाव्या लागतात. आणि बायोसच्या क्रमात यूएसबी पहिली असेल तर रीस्टार्टनंतर इंस्टॉलर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मशीन बंद होऊन सुरू होतानाच्या क्षणी पेनड्राइव्ह काढून घ्यायची. पुढे विंडोज ११ इंटरनेट मागतं. वायफायचा ड्रायव्हर लागला नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, तो वायरच्या नेटसारखा दिसतो.

डिस्क काढण्याची पद्धत थोडी हातकामाची आहे, पण नव्या लॅपटॉपसाठी माझी पसंती तिलाच. लॅपटॉपची एसएसडी काढायची, यूएसबी एन्क्लोजरमध्ये (डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत) घालायची आणि बोलणाऱ्या विंडोज मशीनला जोडायची. मग एनव्हीडीएच्या सोबतीने, नेहमीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, नवीन विंडोज तिच्यावर उतरवायचं. डिस्कपार्ट हे डिस्कचे भाग पाडणारं विंडोजचं साधन उघडा, ‘लिस्ट डिस्क’ म्हणा आणि आकार ऐका. इथे सावकाश जा. डिस्कपार्टमधली ‘क्लीन’ ही कमांड काहीही न विचारता पुसते, आणि एन्क्लोजर काढून पुन्हा लावलं तर डिस्कचा क्रमांक बदललेला असू शकतो. म्हणून ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क’, ‘डिटेल डिस्क’, आणि डिटेलमध्ये त्या डिस्कचं नाव स्वतःच्या कानाने ऐकल्यावरच ‘क्लीन’. पुढे डिस्क जीपीटी या विभागणीच्या पद्धतीची करा. २६० एमबीचं फॅट ३२ ईएफआय पार्टिशन, १६ एमबीचं एमएसआर (विंडोजसाठी राखीव), उरलेली सगळी एनटीएफएस. मग डिझम या साधनाने इंस्टॉल फाइलमधली आवृत्ती एनटीएफएसवर उतरवा आणि बीसीडीबूटने ईएफआय पार्टिशनवर बूटच्या फाइली टाका. डिझमला आवृत्तीचा क्रमांक द्यावा लागतो. आधी यादी वाचून घ्या. भारतात विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपांवर ‘होम सिंगल लँग्वेज’चा परवाना असतो. तिथे प्रो टाकलं तर सगळं चालेल, पण ॲक्टिव्हेट होणार नाही.

एसएसडी परत लॅपटॉपमध्ये बसवून सुरू केली की थेट पूर्ण विंडोजचा पहिला पडदा येतो. या विंडोजकडे ड्रायव्हरचा पूर्ण साठा असतो, त्यामुळे जो लॅपटॉप इंस्टॉलरमध्ये गप्प होता तो इथे बहुतेक वेळा नॅरेटरने बोलतो. डेस्कटॉपची जुनी ३.५ इंची डिस्क मात्र नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. तिला १२ व्होल्टचा वेगळा ॲडाप्टर असलेलं कनेक्टर लागतं.

आता डेबियन, कारण तुमच्या बारा डेस्कटॉपांना तेच लागणार आहे आणि दृष्टिहीन माणसाने एकट्याने टाकण्यासाठी याच्याइतका विचार केलेला इंस्टॉलर मला दुसरा माहीत नाही. डेबियन १२ किंवा त्यानंतरची प्रत घ्या. २०२३ मध्ये आलेल्या १२ पासून अधिकृत प्रतीतच मुक्त नसलेलं फर्मवेअर घातलेलं असतं, त्यात ध्वनीचंही असतं. जुन्या प्रतींवर ‘बोलत नाही’ असं होण्याचं मोठं कारण तेच होतं. पेनड्राइव्ह रुफसने बनवत असाल तर तो विचारतो तेव्हा डीडी पद्धत निवडा.

बूट झाल्यावर मेनू तयार असल्याची खूण म्हणून बीप वाजते: जुन्या बायोस पद्धतीत एकदा, यूईएफआय या नव्या पद्धतीत दोनदा. बीप ऐकली की ‘एस’ दाबायचं आणि एंटर. बीप वाजवणारा छोटा स्पीकर अनेक मशीनमध्ये नसतोच, पण म्हणून अडत नाही. काहीही न दाबता थांबलात तर ३० सेकंदांनंतर बोलणारा इंस्टॉलर आपणहून सुरू होतो. विद्यार्थ्यांना हेच शिकवा: हात मांडीवर आणि कान उघडे. घाईत कुठलीही की दाबली गेली की ती मोजणी थांबते आणि मग मशीन कायमचं गप्प बसतं. दोन साउंड कार्ड असतील, म्हणजे समजा एक मदरबोर्डचं आणि एक एचडीएमआयचं, तर इंस्टॉलर एकेकावर बोलून बघतो. ज्यावर आवाज ऐकू येईल त्या वेळी एंटर दाबायचा.

आवाजाचा वेग सुरुवातीला फारच धिमा असतो. कॅप्स लॉक आणि ६ ने वाढतो, कॅप्स लॉक आणि ५ ने कमी होतो. आवाज मोठा करायला कॅप्स लॉक आणि २, लहान करायला कॅप्स लॉक आणि १. प्रश्न क्रमांक दिलेल्या पर्यायांत येतात. आकडा टाइप करून एंटर, नुसता एंटर म्हणजे सुचवलेलं उत्तर मान्य. मागच्या प्रश्नावर जायचं असेल तर ‘लेस दॅन’चं चिन्ह, म्हणजे शिफ्ट आणि स्वल्पविराम, मग एंटर. उत्तर रिकामं ठेवायचं असेल तर उद्गारचिन्ह. यूएसबीने जोडलेला ब्रेल डिस्प्ले बीआरएलटीटी या सॉफ्टवेअरमुळे आपोआप ओळखला जातो आणि तोच आधार नव्या सिस्टिममध्येही बसतो.

कीबोर्डच्या प्रश्नाला अमेरिकन इंग्लिश सांगा. मराठी इनस्क्रिप्ट नंतर टाका. पासवर्ड टाइप करताना अक्षरं उच्चारली जात नाहीत. मांडणी वेगळी असेल तर तुम्ही भलताच पासवर्ड ठेवून बसाल आणि कळेल ते पहिल्या लॉगिनला. बाहेरून येणाऱ्या माणसाने कीबोर्डची भाषा बदलून ठेवल्याचा त्रास तुम्ही लिहिलाच आहे, तो याच जातीचा.

मग येतो पार्टिशनचा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. आधी पद्धत विचारली जाते: पूर्ण डिस्क वापरा, एलव्हीएमसह, कूटबद्ध एलव्हीएमसह किंवा स्वतः करा. पूर्ण कोऱ्या मशीनसाठी पहिला पर्याय. मग डिस्कची यादी वाचली जाते: एसडीए, ५००.१ जीबी, कंपनीचं नाव. एसडीबी, १६ जीबी, पेनड्राइव्ह. विंडोज ज्या डिस्कला ४६५ जीबी म्हणतं तिलाच डेबियन ५००.१ म्हणतं, आणि २३८ म्हणतं तिला २५६. कारण विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि डेबियन १००० च्या. हे माहीत नसेल तर विद्यार्थ्याला वाटतं डिस्क भलतीच आहे. नावावर जाऊ नका: जुन्या मशीनवर कधी कधी पेनड्राइव्हच एसडीए होते. आकार ऐका, कंपनीचं नाव ऐका, आणि डेटा असलेली दुसरी कुठलीही डिस्क त्या दिवसापुरती वायर काढून बाजूला ठेवा.

शेवटी ‘बदल डिस्कवर लिहू का?’ असा प्रश्न येतो: १ हो, २ नाही. इथे सुचवलेलं उत्तर ‘नाही’ असतं. तोवर सगळीकडे एंटर, एंटर करत आलेला विद्यार्थी इथेही एंटर मारतो आणि इंस्टॉलर त्याला मागे नेतो. पुन्हा एंटर, पुन्हा मागे. ‘हा अडकलाय’ म्हणून मशीन बंद करणारे बहुतेक जण इथेच असतात. तिथे १ टाइप करायचं असतं, आणि ते एंटरवर न ठेवता वेगळं टाइप करायला लावलंय हे फार योग्य केलंय. एक टाइप करण्याआधी कॅप्स लॉकच्या की वापरून वरच्या ओळी पुन्हा वाचून घ्या.

डेस्कटॉपच्या, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीच्या, यादीत मेट निवडा. जुन्या मशीनवर हलकं चालतं आणि ऑर्का या लिनक्सच्या स्क्रीन रीडरबरोबर नीट जुळतं. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर शेवटी ग्रब, म्हणजे डेबियनचा बूट लोडर, कुठे बसवू असं विचारलं जातं. तिथेही आकारावरून ओळखलेली आतली डिस्कच द्या, पेनड्राइव्ह नको. बोलणाऱ्या इंस्टॉलरने टाकलेल्या डेबियनमध्ये आवाजाचा आधार आपोआप बसतो. नंतर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘इनिट ट्यून’ची ओळ असते, तिच्या पुढचं हॅशचं चिन्ह काढून ग्रब अद्ययावत केलं की दर वेळी मेनूला बीप मिळते, अर्थात मशीनला तो छोटा स्पीकर असेल तर.

उबुंटू, फेडोरा यांत लाइव्ह डेस्कटॉप उघडल्यावर ऑल्ट, सुपर आणि एस दाबलं की ऑर्का सुरू होतो. सुपर म्हणजे विंडोजची की. डेस्कटॉप छान बोलतो, पण म्हणून इंस्टॉलरही बोलेल असं समजू नका. इंस्टॉलरची खिडकी प्रशासकाच्या हक्काने चालत असेल तर ती वापरकर्त्याच्या ॲक्सेसिबिलिटी बसला (स्क्रीन रीडरला माहिती पोचवणाऱ्या वाटेला) जोडलेली नसते, आणि ऑर्काला ती रिकामी चौकट वाटते. शिवाय या इंस्टॉलरची बांधणी अलीकडे बदलत आली आहे. एका आवृत्तीत चाललेलं पुढच्यात चालेलच असं नाही. जी नेमकी आवृत्ती स्वतः तपासली नाही ती वर्गात देऊ नका. मॅकचं मात्र सोपं आहे: रिकव्हरीतही कमांड आणि एफ ५ ने व्हॉइसओव्हर बोलतो. रास्पबेरी पाय असेल तर तो पहिल्यांदा सुरू झाल्यावर थोड्या वेळाने स्वतःच बोलून सांगतो, की स्क्रीन रीडरसाठी कंट्रोल, ऑल्ट आणि स्पेस दाबा.

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण त्यांना सरसकट ‘आवाज वापरा’ म्हणणं बरोबर नाही. डेबियनच्या मेनूत ‘डी’ दाबलं की गडद, ठळक रंगसंगतीचा भाग उघडतो आणि ग्राफिकल इंस्टॉलरमध्ये कंट्रोल आणि अधिकच्या चिन्हाने अक्षरं मोठी होतात. विंडोजच्या पहिल्या सेटिंगच्या पडद्यांवर विंडोज आणि अधिकने मॅग्निफायर येतो. मोठ्या टीव्हीला जोडणार असाल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ निवडा. टीव्ही कडेचा थोडा भाग कापतात आणि ‘नेक्स्ट’चं बटण नेमकं त्या कोपऱ्यात असतं, मुलं पडद्यावर बटण शोधत बसतात जे तिथे दिसतच नाही. मॉनिटर खिडकीसमोर ठेवू नका. बायोसच्या बारीक अक्षरांसाठी फोनचा मॅग्निफायर, रंग उलटे करून, बराच कामाला येतो.

वर्गात बारा मशीन एकदम करायची तर उत्तरांची फाइल वापरण्याचा मोह होईल: विंडोजसाठी ऑटोअनअटेंड, डेबियनसाठी प्रीसीड. भाषा, भारतीय वेळ, कीबोर्ड, वापरकर्त्याचं नाव, शेवटी एनव्हीडीए गुपचूप बसवून लॉगिनला सुरू करणं, हे सगळं फाइलमध्ये घाला. डिस्कचा भाग घालू नका. तो भाग नसेल तर इंस्टॉलर तिथे थांबतो आणि माणसाला विचारतो, आणि ते थांबणं हवंच आहे. डिस्क पुसण्याची आज्ञा असलेली पेनड्राइव्ह चुकून दुसऱ्या मशीनला लागली तर ती विचारत नाही. दोन डिस्क असलेल्या मशीनवर शून्य क्रमांकाची डिस्क विंडोजची असेल की फोटोंची, हे आधी सांगता येत नाही. तरीही तशी पेनड्राइव्ह बनवलीच तर तिला रबर नको, हाताला लगेच कळेल असा जाड दोरा बांधा आणि ती वेगळ्या डब्यात ठेवा.

लॉगिनचा टप्पा तपासल्याशिवाय काम झालं म्हणू नका. एनव्हीडीएच्या सामान्य सेटिंगमध्ये ‘साइन-इन करताना वापरा’ ही खूण करा आणि त्याच्या जवळचं, सध्याची सेटिंग साइन-इन आणि सुरक्षित पडद्यांवर वापरण्याचं बटण दाबा. ते राहिलं तर लॉगिनला वेग आणि आवाज वेगळाच येतो. मशीन पूर्ण बंद करून, पेनड्राइव्ह काढून, सुरू करून पाहा.

सराव खऱ्या मशीनवर सुरू करू नका. बोलणाऱ्या विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) डेबियनचा इंस्टॉलर चालवा. आवाज यजमान मशीनच्याच स्पीकरमधून येतो, आणि विद्यार्थ्याने दहा वेळा चुकीची डिस्क पुसली तरी काही बिघडत नाही. सरावाच्या वेळी एनव्हीडीएची की इन्सर्ट ठेवा. ती कॅप्स लॉक असेल तर वेग वाढवण्याची की डेबियनपर्यंत पोचतच नाही. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत एनव्हीडीए, शिफ्ट आणि एस दाबून एनव्हीडीएला झोपवलं तर दोन आवाज एकमेकांवर बोलत नाहीत.

आता मराठीचं. डेबियनच्या इंस्टॉलरचं मराठी भाषांतर आहे, पण ते ग्राफिकल इंस्टॉलरमध्ये. बोलणारा इंस्टॉलर अक्षरी कन्सोलवर चालतो आणि त्या कन्सोलला देवनागरीची जोडाक्षरं मांडता येत नाहीत, म्हणून तिथे भाषांच्या यादीत मराठी मिळत नाही. इंग्रजीतच टाकावं लागतं. सिस्टिम बसल्यावर ईस्पीक या मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज ऑर्कामध्ये आणि एनव्हीडीएमध्ये दोन्हीकडे निवडता येतो. मधल्या काळासाठी सराव चालू असताना इंस्टॉलरचा आवाज रेकॉर्ड करा, प्रत्येक इंग्रजी प्रश्नानंतर थांबा आणि मराठीत सांगा: हा प्रश्न डिस्क निवडण्याचा, इथे आकार ऐका, इथे एंटर नको, १ टाइप करा. प्रत्येक प्रश्नाची वेगळी छोटी फाइल ठेवा, क्रमांकाच्या नावाने. विद्यार्थी एका कानात फोनचा इअरफोन घालतो, दुसऱ्या कानावर इंस्टॉलर ऐकतो आणि जिथे अडतो तिथली फाइल ऐकतो. वर्गातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने स्वतः एकदा पूर्ण करून झाल्यावर, त्यांच्याच आवाजात ही फाइल केलीत तर नंतरच्यांना ती जास्त कळते. इंस्टॉलरचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं, त्या धिम्या वेगाने ठेवा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते इंग्रजी उच्चार ओळखायलाच दोन-तीन फेऱ्या लागतात.